बाळ रडते, आपले अंग थरथरते

गोष्ट पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची आहे. शिरूरला आम्ही एका खोलीत भाड्याने राहत होतो. थोरली मुलगी दीड महिन्याची होती. पत्नीला ताप भरला होता, त्यातच भारनियमनामुळे दिवे गेलेले. संध्याकाळी सात वाजता मुलीने जो सूर धरला, तो नऊ वाजले तरी थांबेना. दूध पाजून झाले, लंगोट बदलून झाला, पोटाला हिंग लावून झाला, खांद्यावर घेऊन खोलीत शंभर येरझारा घालून झाल्या. मग मलाच काहीतरी होऊ लागले. कान गरम झाले, छातीत धडधडू लागले, तळहाताला घाम सुटला, दातांवर दात आवळले गेले. मी मुलीला तोंडासमोर धरले आणि ओरडलो, "गप बस!" माझे हात थरथरत होते. पुढच्या क्षणी त्या हातांनी काय केले असते, हे मला आजही सांगता येत नाही.

शेजारच्या मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. निम्मे आयुष्य ऊसतोडीत घालवलेली बाई. त्यांनी काही विचारले नाही. "आण इकडं तिला. तू जा भाईर, एक चक्कर मारून ये," एवढेच म्हणाल्या. पंधरा मिनिटांनी मी परत आलो तेव्हाही मुलगी रडतच होती. पण माझे हात थांबले होते.

ही गोष्ट मी कित्येक वर्षे कोणाला सांगितली नाही. बापाने सांगण्यासारखी ती नव्हतीच. पुढे शिरूर-दौंडच्या वस्त्यांत कामानिमित्त घरोघर जाणे होऊ लागले, आणि एकदा एका तरुण जोडप्याला मी धीर करून ती सांगितली. ती मुलगी एकदम रडायलाच लागली. म्हणाली, "काका, मला वाटलं मीच वाईट आई आहे." दौंडला रेल्वे लाईनीजवळ राहणारी एक भगिनी म्हणाली, "रात्रभर गाड्यांचे भोंगे वाजतात, त्याचं काही वाटत नाही. पण ह्यानं तोंड उघडलं की पोटात गोळा येतो, हातपाय गार पडतात, कुठंतरी पळून जावंसं वाटतं." असे बोलणाऱ्या दोघी-तिघी नाहीत. फरक एवढाच की हे कोणी बोलत नाही. म्हणून आज या विषयावर लिहीत आहे.

शरीरात नेमके काय होते?

पहिली गोष्ट लक्षात घ्यावी, की बाळाचे रडणे ऐकून अंग थरथरणे हा प्रेम कमी असल्याचा पुरावा नाही. निसर्गाने तान्ह्या मुलाला दुसरे कोणतेच साधन दिलेले नाही. त्याला चालता येत नाही, बोलता येत नाही. मोठ्या माणसाला हातातले काम टाकून धावत यायला लावायचे, तर रडण्याशिवाय त्याच्याकडे काय आहे? म्हणून ते रडणे आपल्याला सहन होऊ नये असेच असते. बाळ कानाशी धरलेले असेल तर त्याचा आवाज शंभर डेसिबलच्या आसपास जाऊ शकतो.

हा आवाज कानावर पडताच मेंदू धोक्याची घंटा वाजवतो. मूत्रपिंडांच्या वर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात, त्या अ‍ॅड्रेनलिन नावाचे द्रव्य रक्तात सोडतात. हृदय जोरात चालू लागते, श्वास उथळ होतो, स्नायू ताठ होतात, घाम येतो. अंगावर कोणी धावून आले तर शरीर जशी तयारी करते, तीच ही तयारी. लढा किंवा पळा, या दोनच गोष्टींसाठी शरीर सज्ज होते. अमेरिकेतील शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली आपल्या पुस्तकात ही क्रिया समजावून सांगितली. पुढे १९७८ साली अ‍ॅन फ्रोडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आईबापांना रडणाऱ्या बाळाचे चित्रण दाखवून त्यांच्या शरीराची मोजमापे घेतली. तेव्हा रक्तदाब वाढलेला आढळला, हाताच्या त्वचेवर ताणाच्या खुणा दिसल्या. विशेष म्हणजे हे आईच्या आणि बापाच्या, दोघांच्याही शरीरात घडले. "बाईमाणसाला रडण्याची सवय असते, पुरुषाला सहन होत नाही," असे जे आपल्याकडे म्हणतात त्यात तथ्य नाही. सहन दोघांनाही होत नाही. पण पुरुष उठून नाक्यावर जातो, बाईला जाता येत नाही.

आता अडचण अशी, की लढायला समोर शत्रू नाही आणि पळायला जागा नाही. दहा बाय दहाच्या खोलीत, पत्र्याखाली, मांडीवर रडणारे मूल घेऊन बसलेल्या बाईच्या अंगात ही सगळी शक्ती नुसती कोंडून राहते. त्यात झोप झालेली नाही, पोटात वेळेवर अन्न नाही, अंगात रक्त कमी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक, म्हणजे ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी असल्याचे दिसले. रक्त कमी असले की थोड्याशा कारणानेही छाती धडधडते. बाळंतपणानंतर काही स्त्रियांना थायरॉईडचा त्रास होतो, त्यानेही धडधड, थरथर, घाम होतो. म्हणून "सगळे मनाचे खेळ आहेत" असे म्हणून सोडून देऊ नये. साधी रक्ततपासणी करून घ्यावी.

रडण्यालाही वेळापत्रक असते

दुसरी महत्त्वाची गोष्ट. निरोगी बाळसुद्धा पुष्कळ रडते, आणि त्या रडण्याला ठरावीक चढ-उतार असतो. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ डॉ. ब्रेझल्टन यांनी ८० बाळांच्या आयांना रोजची नोंद ठेवायला सांगून १९६२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. दोन आठवड्यांचे बाळ दिवसाकाठी साधारण पावणेदोन तास रडत होते. सहाव्या आठवड्यात हे प्रमाण पावणेतीन तासांपर्यंत चढले. नंतर ते उतरत गेले आणि तिसऱ्या महिन्याच्या सुमारास तासाभराच्या आत आले. सगळ्यात जास्त रडणे संध्याकाळी आणि रात्रीच्या पहिल्या प्रहरात.

हे आकडे मला आधी कळले असते, तर त्या रात्री माझी मुलगी दीड महिन्याची आहे, म्हणजे चढाच्या अगदी माथ्यावर आहे, हे मला ठाऊक असते. आपल्याकडे मूल संध्याकाळी रडले की दृष्ट लागली म्हणतात, मीठ-मोहऱ्या ओवाळतात, आईने काय खाल्ले याची चौकशी करतात. दृष्ट नाही आणि आईचा गुन्हाही नाही. तो चढ आहे, तो उतरणार आहे. घरातल्या दिनदर्शिकेवर बाळाच्या जन्मापासूनच्या सहाव्या आणि बाराव्या आठवड्यावर खूण करून ठेवा. संपण्याची तारीख माहीत असली की माणूस अवघड पाळीसुद्धा काढतो.

एक क्षण आणि आयुष्यभराची इजा

ज्या गोष्टीसाठी हा लेख मुद्दाम लिहीत आहे ती ही. तान्ह्या बाळाला कधीही, कोणत्याही कारणाने गदागदा हलवू नका. बाळाचे डोके अंगाच्या मानाने जड असते, मान कमजोर असते. हिसके बसले की मेंदूभोवतीच्या बारीक रक्तवाहिन्या तुटतात आणि आत रक्तस्राव होतो. इंग्लंडमधील मेंदूचे शल्यचिकित्सक गुथकेल्च यांनी १९७१ साली हे वैद्यकीय नियतकालिकातून पुढे मांडले. बाहेरून ओरखडाही दिसत नाही, पण बाळ आंधळे होऊ शकते, मतिमंद होऊ शकते, दगावू शकते. काही सेकंद पुरेसे असतात.

असे करणारी माणसे राक्षस असतात असे समजू नका. नेदरलँड्ससारख्या सुखवस्तू देशात सुमारे सव्वातीन हजार बाळांच्या पालकांना गुप्तपणे विचारले गेले. शंभरातल्या पाच-सहा जणांनी कबूल केले, की मूल सहा महिन्यांचे होईपर्यंत एकदा तरी रडण्याला कंटाळून त्यांनी त्याला चापट मारली, हलवले किंवा तोंड दाबले. हा अभ्यास २००४ सालचा. जिथे प्रत्येक घरात वेगळी खोली आहे, पगारी रजा आहे, तिथे ही स्थिती. आपल्या घरांत किती ताण असेल याचा विचार करा.

अफूच्या गोळीपासून खोकल्याच्या औषधापर्यंत

मूल गप्प करण्याचा सोपा मार्ग आपल्या आज्या-पणज्यांच्या काळातही होता. त्याचे नाव बाळागोळी. तिच्यात अफू असे. मुंबईच्या कापड गिरण्यांत काम करणाऱ्या बाया पाळीवर जाताना तान्ह्या मुलाला ही गोळी चारून जात. दिवसभर मूल गुंगीत पडून राही, दूध मागत नसे, सुकत जाई. मजुरांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटली आयोगाच्या १९३१ च्या अहवालातही या प्रकाराची दखल घेतलेली आहे. त्या आया निर्दय नव्हत्या. गिरणीचा भोंगा थांबत नव्हता आणि मूल सांभाळायला कोणी नव्हते.

अफू गेली, पण सवय गेलेली नाही. आज मेडिकलमधून सर्दी-खोकल्याचे औषध आणून "झोप लागेल" म्हणून पाजणारी घरे मी पाहिली आहेत. २०२३ च्या डिसेंबरमध्ये केंद्राच्या औषध नियंत्रकांनी सर्दीच्या एका नेहमीच्या मिश्रणाबाबत चार वर्षांखालील मुलांना देऊ नये असा आदेश काढला. २०२५ साली मध्य प्रदेशात छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या विषारी औषधाने अनेक बालके दगावली, आणि दोन वर्षांखालील मुलांना असली औषधे देऊच नयेत असे केंद्र सरकारने कळवले. डॉक्टरने लिहून दिल्याशिवाय मुलाच्या तोंडात थेंबही घालू नका, मग ते औषध दुकानातले असो की घरगुती गुटी असो.

त्या घटकेला काय करावे?

कान गरम होऊ लागले, दात आवळू लागले, की ती सूचना समजावी. त्या वेळी पुढील गोष्टी क्रमाने कराव्यात.

एक, बाळाला खाली ठेवा. सपाट जागी, पाठीवर निजवा. तोंडाजवळ उशी, गोधडी नको. चूल, पाणी, कुत्रे-मांजर जवळ नको. पोट भरलेले, लंगोट कोरडा असलेले निरोगी बाळ सुरक्षित जागी दहा मिनिटे रडल्याने त्याला इजा होत नाही. चिडलेल्या हातांत मात्र इजा होऊ शकते.

दोन, दाराबाहेर ओट्यावर या. दुसरी खोली नसली तरी उंबरा सर्वांना आहे. बाळाचा आवाज येईल इतक्याच अंतरावर थांबा. तोंडावर गार पाणी मारा.

तीन, श्वास लांब सोडा. मनात चार आकडे मोजून श्वास आत, सहा आकडे मोजून बाहेर. असे दहा-बारा वेळा करा. लांब सोडलेल्या श्वासाने हृदयाची गती उतरते. विहारात आनापानाचा सराव केलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. खांदे मुद्दाम सैल सोडा, हात झटका, पाय जमिनीवर टेकले आहेत याकडे लक्ष द्या. अंगात चढलेले ओसरायला थोडी मिनिटे लागतातच.

चार, परत जाताना कानात कापसाचे बोळे घाला. हसण्यासारखे वाटेल, पण आवाजाची धार कमी होते आणि बाळ ऐकू यायचे थांबत नाही.

पाच, मग बाळाला छातीशी धरून एकसारखे चाला. जपानमधील संशोधकांनी २०२२ साली मांडलेली रीत अशी: पाच मिनिटे न थांबता संथ चालायचे, बाळ झोपले की लगेच खाली न ठेवता पाच ते आठ मिनिटे तसेच घेऊन बसायचे, मग निजवायचे. आपल्या आया कडेवर, खांद्यावर मूल घेऊन हेच करीत आल्या. कॅनडात १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मूल रडत नसतानाही दिवसभरात जास्त वेळ अंगावर घेतले तर सहाव्या आठवड्यातले रडणे ४३ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. तेव्हा "उचलून उचलून मूल लाडावेल" ही भीती या वयात बाळगू नका.

एवढे करूनही काही वेळा मूल थांबणार नाही. तुमची हार झाली असे समजू नका. ते थांबेपर्यंत दोघेही सुखरूप राहणे, एवढेच त्या वेळचे काम असते.

हात बदला

परंतु नुसत्या श्वासावर कोणतीही बाई महिनोन्‌महिने निभावू शकत नाही. मावशींनी मला उपदेश केला नाही, त्यांनी मूल घेतले. ऊसतोडीच्या कोप्यांत हे रोज चालते. एकीचे मूल दुसरीच्या झोळीत झोके घेते. शहरात खोल्या पक्क्या झाल्या, दारे बंद झाली आणि हा रिवाज सुटत चालला.

रांजणगावच्या, कुरकुंभच्या एमआयडीसीत तीन पाळ्यांत काम करणारे आपले तरुण आहेत, दौंडला रेल्वेत रात्रीची ड्युटी करणारे आहेत. ते म्हणतील, "आम्ही बारा तास राबून येतो, आम्हाला झोप नको का?" हवीच. पण घरातली बाई चोवीस तासांच्या पाळीवर आहे आणि तिला रिलीव्हर नाही. कंपनीत रिलीव्हर आल्याशिवाय मशीन सोडता येत नाही, हे ज्याला समजते त्याला हेही समजले पाहिजे. दोघांनी बसून पाळ्या ठरवाव्यात. संध्याकाळचा रडण्याचा एक तास बापाचा. रात्री आईला सलग चार तास झोप मिळेल अशी व्यवस्था. सेकंड शिफ्ट असेल तर सकाळचे दोन तास बापाचे. सासू, नणंद, शेजारीण यांपैकी एकीला आधीच सांगून ठेवावे, "मी हाक मारली की काही न विचारता ये." आणि हाक आली तर सल्ला न देता मूल घ्यावे. "आम्ही नाही का वाढवली पोरं?" हे वाक्य त्या घटकेला कोणाच्याही उपयोगाचे नसते.

आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतात. बेचाळिसावा दिवस म्हणजे सहा आठवडे, म्हणजे रडण्याचा माथा. त्या दिवशी बाळाच्या वजनाबरोबर "बाळ रडल्यावर मला असे असे होते" हेही त्यांना सांगावे. तो त्यांच्या कामाचाच भाग आहे.

केव्हा दवाखाना गाठावा?

दोन-तीन महिन्यांच्या आतील बाळाला ताप आला, बाळ दूध पिईना, हिरवी उलटी झाली, झटके आले, टाळू फुगली, बाळ मलूल पडले, किंवा रडण्याचा सूरच एकदम निराळा, चिरका झाला, तर तो नेहमीचा चढ समजू नये. लगेच सरकारी दवाखाना गाठावा. वाहन नसेल तर १०८ वर फोन करावा. चुकून कोणाकडून बाळ हलवले गेले असेल, तर डॉक्टरला खरे सांगावे. लाज बाळगण्याने बाळाचा जीव जाईल.

आईचीही तपासणी हवी. बाळ गप्प असतानाही भीती वाटणे, मूल झोपले तरी झोप न येणे, दोन आठवड्यांहून अधिक उदास वाटणे, स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येणे, हा आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. काहींच्या बाबतीत रडण्याच्या आवाजाने लहानपणीची मारहाण, घरातला जुना आरडाओरडा जागा होतो. मग अंग आणखीच पेट घेते. त्यावरही बोलून उपाय होतो. केंद्र सरकारची 'टेली मानस' ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, विनामूल्य. मराठीत बोलता येते. रात्री दोन वाजता कोणाशी बोलावे हा प्रश्न असेल, तर हे एक दार उघडे आहे.

विश्रांती ही मेहेरबानी नव्हे

१९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात कामगार स्त्रियांच्या प्रसूती साहाय्याचे विधेयक आले, तेव्हा बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि त्याच्या खर्चाचा वाटा मालकानेही उचलला पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. १९२९ साली मुंबई इलाख्यात कायदा झाला. २०१७ साली ही रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची झाली. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला १९९७ पासून पंधरा दिवसांची पितृत्व रजा आहे. पण ठेकेदाराकडील कामगाराला, ऊसतोडणी करणाऱ्या जोडप्याला, धुणीभांडी करणाऱ्या भगिनीला यातले काय मिळते? तो लढा वेगळा आहे आणि तो लढावाच लागेल. मात्र जी विश्रांती बाबासाहेबांनी सरकारकडे आणि मालकाकडे मागितली, ती घरातल्या पुरुषाने आपल्या बायकोला द्यायला कोणत्या कायद्याची वाट पाहायची?

माझी मुलगी आता बारावीत आहे. मागच्या वर्षी मी तिला ती रात्र सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मग मावशींनी काय केलं?" मी म्हणालो, "काही नाही. तुला घेतलं, आणि मला बाहेर पाठवलं."

आपल्या गल्लीत आज रात्री एखादे मूल बराच वेळ रडत असेल, तर भिंतीवर थाप मारून "गप्प करा" म्हणू नका. दार वाजवा आणि म्हणा, "आण इकडं. तू जरा बाहेर जाऊन ये."